वासराला बी-कॉम्प्लेक्स: कधी, किती आणि कोणत्या वाटेनं

कराड-वाळवा पट्ट्यात बी-कॉम्प्लेक्सची नाहीतर लिव्हर टॉनिकची बाटली नसलेला गोठा शोधूनच काढावा लागेल. वासरू मलूल दिसलं की दहा मिली, केस राठ झाले की दहा मिली, हगवण लागली की पंधरा. बाटली संपते, वासरू आपल्या गतीनं सुधारतं आणि श्रेय बाटलीला जातं. बाटलीतली ही बी गटातली जीवनसत्त्वं वासराला लागतात यात वाद नाही. पण धडधाकट वासराला ती आधी दुधातून मिळतात आणि पुढं त्याच्याच कोठीपोटात, म्हणजे गुरांच्या चार कप्प्यांच्या पोटातल्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, तयार होतात. बाटलीचं काम या दोन्हींच्या मध्ये पडणाऱ्या फटीपुरतं. फट नसताना दिलेलं औषध मुतावाटे निघून जातं. फट असताना चुकीच्या वाटेनं दिलेलं औषध आतड्यापर्यंत पोचतच नाही, आणि हे जास्त वाईट.

पन्हळ मिटली तरच दूध जागेवर जातं

मोठ्या गाईच्या कोठीपोटातले जिवाणू बी गटातली जीवनसत्त्वं स्वतः बनवतात, म्हणून तिला ती वेगळी द्यावी लागत नाहीत. नुकतंच जन्मलेलं वासरू मात्र माणसासारखं एकाच पोटाचं असतं. त्याचं कोठीपोट म्हणजे लोळागोळा झालेली रिकामी पिशवी. चौथं पोट त्याहून मोठं असतं.

वासरू चोखायला लागलं की अन्ननलिकेच्या टोकाशी असलेल्या पन्हळीच्या दोन्ही कडा एकमेकींना चिकटतात आणि नळी तयार होते. या नळीतून दूध कोठीपोटाला वळसा घालून थेट चौथ्या पोटात उतरतं, तिथं विरजणासारखं साकळतं आणि हळूहळू लहान आतड्यात सरकतं. बी गटातली बहुतेक जीवनसत्त्वं आतड्याच्या वरच्या भागात शोषली जातात. बी-१२ मात्र चौथ्या पोटात पाझरणाऱ्या एका प्रथिनाला धरून पार आतड्याच्या शेवटच्या भागात जातं आणि तिथं शोषलं जातं. म्हणजे हगवणीनं आतड्याचा कुठलाही भाग सोलवटला, तरी काही ना काही हुकतंच.

पन्हळ मिटते ती चोखण्यानं, भुकेनं, दुधाच्या उबेनं आणि रोजच्या ओळखीच्या खुणांनी: तीच वेळ, तीच बाटली, तोच माणूस. बळजबरीनं ओतलेल्या औषधाला ती मिटेलच याची खात्री नाही. मग औषध कोठीपोटात सांडतं. दूध तिथं सांडत राहिलं तर आंबतं, पोट फुगतं, शेण राखाडी आणि चिकणमातीसारखं लिबलिबीत होतं. दूध पाजल्यावर वासराच्या डाव्या कुशीवर मुठीनं हलके धक्के देऊन कान लावा. घागरीत पाणी डचमळावं तसा आवाज आला तर दूध चुकीच्या कप्प्यात गेलंय. अशा वासराला टॉनिक वाढवून उपयोग नाही. आधी पाजण्याची पद्धत बदला.

लागतं तरी किती

अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं २००१ साली मिल्क रिप्लेसरसाठी, म्हणजे दुधाऐवजी पाण्यात कालवून पाजायच्या पावडरीसाठी, ज्या मात्रा दिल्या, त्या पिशवीवरच्या लेबलशी ताडून बघायला सोयीच्या आहेत. एक किलो कोरड्या पावडरीत थायामिन म्हणजे बी-१ ६.५ मिलिग्रॅम, रायबोफ्लेविन म्हणजे बी-२ ६.५, पायरिडॉक्सिन म्हणजे बी-६ ६.५, पँटोथेनिक आम्ल १३, नायसिन १०, फॉलिक आम्ल ०.५, बायोटिन ०.१ आणि बी-१२ ०.०७ मिलिग्रॅम. कोलीन तेवढं जास्त, १००० मिलिग्रॅम.

लिटरला १२५ ग्रॅम या हिशेबानं चार लिटर रिप्लेसर पाजलं तर अर्धा किलो पावडर पोटात जाते. म्हणजे थायामिनची दिवसाची मात्रा झाली सव्वातीन मिलिग्रॅम. वासरामागं ही एवढीशी गरज. शिवाय या आकड्यांत ऐसपैस वाव ठेवलेला आहे. गाईच्या लिटरभर दुधात थायामिन साधारण ०.४ मिलिग्रॅमच असतं, रायबोफ्लेविन पावणेदोनच्या आसपास. तरी चांगल्या दुधावर वाढणाऱ्या वासरात थायामिनची टंचाई सहसा दिसत नाही. डोळ्यांभोवतीची कातडी सोलणं, ओठांचे कोपरे लाल होणं, मागचे पाय लुळे पडणं ही पुस्तकातली लक्षणं मुख्यतः प्रयोगात, मुद्दाम जीवनसत्त्व काढून टाकलेल्या कृत्रिम दुधावर दिसली आहेत.

इंजेक्शन दिल्यावर तासा-दोन तासांत वासराचं मूत हळदीसारखं पिवळं होतं, ते औषध लागू पडल्याचं लक्षण म्हणून सांगितलं जातं. तो रंग जादा झालेल्या रायबोफ्लेविनचा. पाण्यात विरघळणारी ही जीवनसत्त्वं शरीर साठवत नाही, उरलेली बाहेर टाकतं. अपवाद बी-१२चा, ते यकृतात महिनोन्‌महिने साठतं.

पहिला साठा येतो तो चिकातून. चिकात बी-१२, रायबोफ्लेविन आणि फॉलिक आम्ल नेहमीच्या दुधापेक्षा जास्त असतं. जन्मल्यापासून दोन तासांच्या आत पहिला चीक आणि पहिल्या सहा तासांत वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा, म्हणजे ३० किलोच्या वासराला ३ लिटर. आळीत खरवसाचे डबे पोचवायचा आनंद समजण्यासारखा आहे, पण ते डबे दुसऱ्या दिवसाच्या धारेतून भरावेत.

कोणाला द्यावं

हगवण लागलेलं वासरू यादीत पहिलं. रोटा, कोरोना विषाणू किंवा क्रिप्टोस्पोरिडियम यांनी आतड्याचे बारीक केसाळ उंचवटे झडतात, शोषण मंदावतं, वर पातळ शेणातून जीवनसत्त्वं वाहून जातात. त्यात अजूनही अनेक ठिकाणी हगवण लागली की दूध बंद करतात, म्हणजे आवक पूर्णच थांबते. हगवण चालू असेपर्यंत आणि थांबल्यावर आणखी ५ ते ७ दिवस पूरक मात्रा द्यावी. मात्र जीव वाचवतं ते पाणी आणि क्षार. डोळे खोल गेलेल्या, मानेची चिमटीत धरलेली कातडी दोन सेकंदांत जागेवर न येणाऱ्या वासराला टॉनिक पाजत बसणं म्हणजे घर पेटल्यावर अंगण झाडणं.

तोंडावाटे प्रतिजैविकं किंवा सल्फाच्या गोळ्या पाच-सहा दिवस चालल्या, तर नुकतेच वस्तीला आलेले जिवाणूही मरतात. औषध चालू असेतोवर आणि पुढं आठवडाभर द्यावं. दूध लवकर, म्हणजे सहा आठवड्यांच्या आत तोडलेल्या वासराला तोडण्याच्या आधी तीन दिवस आणि नंतर आठवडाभर. स्वस्त रिप्लेसरच्या पिशवीवर जीवनसत्त्वांचे आकडेच छापलेले नसतील, तर रोज. आणि लांबून, उदाहरणार्थ जतहून फलटणला, टेम्पोतून आणलेलं वासरू दोन दिवस नीट पीत-खात नाही; त्याला पहिले चार-पाच दिवस.

आईला पिणाऱ्या, उड्या मारणाऱ्या, घट्ट शेण टाकणाऱ्या वासराला काहीही देऊ नका. खिलार गाईखालच्या वासराला तर नकोच. तिथं दूध वासरासाठीच राखलेलं असतं. रडगाणं असतं ते संकरित कालवडींचं आणि रेडकांचं, कारण त्यांच्या वाट्याचं दूध डेअरीला जातं. रेडकाला पान्ह्यापुरतं लावायचं, मग ओढून बांधायचं आणि वर टॉनिक पाजायचं, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. टॉनिकच्या पैशात अर्धा लिटर दूध जास्त सोडलं तर जीवनसत्त्वांबरोबर प्रथिनं आणि चरबीही पोटात जाते.

तोंडानं द्यायची रीत

डोस लेबलवरचाच. पातळ टॉनिकचा वासरांचा डोस बहुधा ५ ते १० मिली असतो, पण प्रत्येक कंपनीची घनता वेगळी. बुचानं मोजू नका. सुई काढलेली १० मिलीची सिरिंज वापरा.

सकाळच्या दुधातलं २०० मिली दूध चोखणीच्या बाटलीत वेगळं काढा. ते ३८ ते ३९ अंशांवर असावं. थर्मामीटर नसेल तर मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा. कोमट नव्हे, स्पष्ट ऊबदार लागलं पाहिजे. त्यात टॉनिक टाकून बाटली दोनदा उलटीसुलटी करा आणि हे २०० मिली सगळ्यात आधी पाजा. लगेच मागोमाग उरलेलं दूध. सगळ्या दोन लिटरमध्ये टॉनिक कालवलं आणि वासरानं अर्धा लिटर सोडलं, तर पाव डोस बादलीत राहतो आणि तुमच्या वहीत पूर्ण लिहिला जातो. शिवाय पहिल्या घोटांना भूक असते, चोखण्यात जोर असतो आणि पन्हळ घट्ट मिटते.

चोखणी वासराच्या खांद्याच्या पातळीला धरा. मान थोडी वर गेलेली चालते; नाकपुडी डोळ्यांपेक्षा वर गेली की ठसका लागतो. चोखणीचं भोक मोठं करायची खोड वाईट. बाटली उलटी धरल्यावर थेंबथेंब गळावं, धार लागू नये. धार लागली की वासरू चोखत नाही, नुसतं गिळतं.

बादलीनं पिणाऱ्या वासराला पहिले दोन-तीन घोट बोटं चोखायला देऊन सुरू करा. आईला पिणाऱ्या रेडकाला हीच २०० मिलीची बाटली सोडण्यापूर्वी द्या. पोट भरल्यावर ते चोखणीला तोंड लावणार नाही. वासरू चोखतच नसेल, तर सिरिंज गालाच्या कोपऱ्यातून आत घालून एका वेळी २ ते ३ मिली जिभेवर सोडा आणि गिळल्याची घशाची हालचाल बघूनच पुढचं सोडा. बांबूचा नळा, जीभ ओढून धरणं, तोंड आभाळाकडं करणं, हे सगळं बंद. औषध फुप्फुसात गेल्याचं त्या क्षणी कळत नाही. दोन दिवसांनी धाप लागते, ताप चढतो आणि 'हवा बदलली म्हणून निमोनिया झाला' असं म्हणून मोकळे होतात.

खाण्याचा सोडा घातलेल्या किंवा सोडायुक्त क्षार-पावडरीच्या पाण्यात टॉनिक मिसळू नका. थायामिन आम्लात टिकतं, सोड्यानं मोडतं. ते पाणीही दुधानंतर दोन तासांनी द्यावं, नाहीतर चौथ्या पोटात दूध साकळायला अडथळा येतो.

इंजेक्शन

हगवण जोरात आहे, वासरू पीत नाही किंवा तोंडावाटे दिलेलं लागू पडत नाही, अशा वेळी आतडं टाळून स्नायूतून द्यावं लागतं. बी-कॉम्प्लेक्सचा वासरांचा डोस बहुतेक लेबलांवर २ ते ५ मिली, दिवसाआड किंवा रोज, ३ ते ५ दिवस असतो. डॉक्टरांना विचारूनच द्या. रोज सकाळी टोचायची ही गोष्ट नव्हे.

जागा मानेची. वरची आयाळीची कड, खालची मणक्यांची रेघ आणि मागं खांदा, या तीन रेषांमधला त्रिकोण. ढुंगणावर टोचू नका. लहान वासरात तिथं मांस पातळ असतं आणि मोठी नस जवळून जाते. १८ किंवा २० गेजची, एक इंची, नवी सुई. टोचल्यावर दांडा किंचित मागं ओढून बघा. रक्त आलं तर सुई काढून दुसरीकडं टोचा. एका जागी ५ मिलीहून जास्त नको. औषध झोंबतं, वासरू हिसडा देतं, म्हणून धरणारा माणूस लागतोच. एकाच सिरिंजमध्ये प्रतिजैविक आणि बी-कॉम्प्लेक्स एकत्र ओढू नका.

थायामिन शिरेतून भराभर गेलं तर जनावर जागेवर कोसळू शकतं. शिरेतलं इंजेक्शन डॉक्टरांच्याच हातचं.

डोस वजनावर असतो आणि वजनाचा अंदाज घेताना सगळेच चुकतात. लहान वासराला उचलून साध्या वजनकाट्यावर उभं राहा आणि आपलं वजन वजा करा. काटा नसेल तर टेप: पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, भागिले ६६०. घेर ३०, लांबी २६ असेल तर ९०० गुणिले २६ भागिले ६६०, म्हणजे ३५ किलोच्या आसपास.

आभाळाकडं बघणारं वासरू

थायामिनची टंचाई एका रूपात मात्र खरोखर जीवघेणी असते. मेंदूची वरची पेशी-चादर सुजते आणि कुजायला लागते. दुधावरच्या अगदी लहान वासरात हे क्वचित. दूध तुटल्यानंतर, धान्याचा मारा सुरू झाल्यावर जास्त. वासरू कळपापासून वेगळं उभं राहतं, दिशाहीन चालतं, गव्हाणीला धडकतं, भिंतीला कपाळ टेकून रेटत राहतं. पुढं मान मागं वळते, जणू तारे मोजतंय, मग आडवं पडून पाय झाडतं.

त्या वेळी दोन गोष्टी तपासा. हाताचा पंजा, वारा लागू न देता, झटकन डोळ्यासमोर आणा. पापणी लवली नाही तर दिसत नाही. मग गोठ्यात अंधार करून टॉर्च डोळ्यावर मारा. बाहुली आक्रसली, तर डोळा आणि त्याची नस शाबूत आहे, बिघाड मेंदूत आहे. थायामिनच्या टंचाईत हेच दिसतं: वासरू आंधळं, बाहुली जिवंत. बाहुली मोठी आणि उजेडाला ढिम्म असेल तर 'अ' जीवनसत्त्वाच्या टंचाईकडं आधी बघावं लागतं. एक सावधगिरी: हाताला पापणी लववणं वासरू शिकतं, उपजत येत नाही, म्हणून पहिल्या एक-दोन आठवड्यांत ही हाताची चाचणी फसवी ठरते.

शिशाच्या विषबाधेतही चित्र हुबेहूब असंच दिसतं. जुनी बॅटरी, रंगाचे डबे, रंगवलेलं फाटक चाटलंय का हे डॉक्टरांना आठवणीनं सांगा. कान ताठ, शेपूट उचललेली आणि अंग लाकडासारखं कडक असेल तर धनुर्वाताची शंका घ्यावी.

उपचाराची मात्रा किलोमागं १० मिलिग्रॅम थायामिन. पहिला डोस शिरेतून सावकाश, पुढं दर ६ ते ८ तासांनी, किमान ३ दिवस. आता हिशेब बघा. ४० किलोच्या वासराला एका वेळी ४०० मिलिग्रॅम लागतं. निव्वळ थायामिनचं १०० मिलिग्रॅम प्रति मिलीचं इंजेक्शन असेल तर ४ मिली. तुमच्या फडताळातल्या बी-कॉम्प्लेक्समध्ये मिलीमागं १० मिलिग्रॅम असेल तर एका वेळचे ४० मिली! पाच मिली टोचून 'बी-कॉम्प्लेक्स दिलं, पण गुण आला नाही' असं म्हणण्यात अर्थ नाही. लागणाऱ्या मात्रेचा आठवा भागच अंगात गेला. लेबलवर थायामिन हायड्रोक्लोराइडचा आकडा वाचा. वेळेत पकडलं तर बहुतेकदा पहिल्या २४ तासांत फरक दिसतो; दृष्टी सगळ्यात शेवटी परत येते. तीन दिवसांत काहीच हाललं नाही तर आशा थोडी. रात्री-अपरात्री गावातला दवाखाना बंद असेल तर १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करा. सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. खंडाळा, वाई, फलटणकडच्या लोकांना ते जवळ.

आपल्या पट्ट्यातली खास कारणं

साखर पट्ट्यात मोलॅसिस, म्हणजे कारखान्याची मळी, सहज मिळतं आणि कुट्टीवर शिंपडलं की जनावर चाटूनपुसून खातं. पण आपल्याकडचे बहुतेक साखर कारखाने सल्फिटेशन पद्धतीनं साखर करतात, त्यामुळं मोलॅसिसमध्ये गंधक उतरतं. गंधक जास्त झालं की कोठीपोटात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि मेंदूला तीच इजा होते. सल्फाइट तर थायामिनचा रेणूच तोडतं. गंधकामुळं झालेल्या आजाराला थायामिनचा गुणही कमी येतो. तीन महिन्यांखालच्या वासराला मोलॅसिस नको. गुऱ्हाळावरची काकवी बोटभर चाटवली म्हणून बिघडत नाही, ओंजळीनं घालू नका. युरिया-मोलॅसिसची चाटण वीट सहा महिन्यांच्या आत अजिबात नको, कारण युरिया पचवणारे जिवाणूच पुरेसे नसतात.

कृष्णाकाठच्या क्षारपड भागात बोअरचं पाणी मचूळ असेल तर एकदा सल्फेट तपासून घ्या. वासरांसाठी लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असावं.

रक्ती हगवणीवर दिलं जाणारं अँप्रोलियम हे औषध थायामिनसारखं सोंग घेऊनच जंतूला उपाशी मारतं. नेहमीचा उपचार किलोमागं १० मिलिग्रॅम, ५ दिवस. डोस दुप्पट केला किंवा 'परत येऊ नये म्हणून' महिनाभर चालू ठेवला, तर वासराचंच थायामिन तुटतं. उलट बाजूनं, त्या पाच दिवसांत थायामिनचा जोरदार डोस दिला तर औषधाचा असर कमी होतो. म्हणून ते पाच दिवस टॉनिक थांबवा, सहाव्या दिवशी सुरू करा. डोक्याची लक्षणं दिसली तर मात्र अँप्रोलियम ताबडतोब बंद आणि थायामिन सुरू.

कच्च्या अंड्याचं काय? पांढऱ्या बलकात अॅव्हिडिन असतं, ते बायोटिनला असं घट्ट धरतं की आतड्याला ते सुटत नाही. आठवड्यात एखादं अंडं गेल्यानं काही होत नाही, रोज दोन कच्ची अंडी पाजण्यात नुकसान आहे. द्यायचंच तर उकडून, कुस्करून.

फिकट हिरड्या बघून बी-१२ टोचण्याचीही घाई होते. दुधात लोह कमी, पोटात जंत, कानामागं गोचीड: फिकटपणाची कारणं बहुधा ही असतात. संकरित वासराला ताप असेल आणि खांद्यापुढची गाठ सुजून लिंबाएवढी लागत असेल तर गोचीड-तापासाठी रक्त तपासा. रेडकांना आईच्या दुधातून जंत येतात. दहाव्या ते चौदाव्या दिवशी पहिलं जंतनाशक चुकवू नका.

कोठीपोट लवकर कामाला लावा

चौथ्या दिवसापासून स्वच्छ पाणी कायम समोर. दुधात पाणी असतंच की, हा गैरसमज महाग पडतो. दूध पन्हळीतून चौथ्या पोटात जातं. बादलीतलं पाणी कोठीपोटात उतरतं आणि जिवाणूंना तेच लागतं. एक किलो खुराकामागं चार लिटर पाणी हा अंदाज.

पहिल्या आठवड्यात काफ स्टार्टर, म्हणजे वासरांचा सुरुवातीचा खुराक, मूठभर, तोही दूध पिऊन झाल्याबरोबर ओल्या तोंडाला चोळून. घरचा करायचा असेल तर शंभर किलोला मक्याचा भरडा ५२, सोयाबीन पेंड ३०, गव्हाचा कोंडा १५, मिनरल मिक्स्चर २ आणि मीठ १; प्रथिनं २० टक्क्यांच्या आसपास बसतात. भरडा जाडसर ठेवा, पिठासारखा नको. सरकी पेंड दुभत्या म्हशीला ठीक, वासराला नको. त्यातलं गॉसिपॉल कोवळ्या वासराला सोसत नाही. मिनरल मिक्स्चरच्या लेबलवर कोबाल्ट आहे ना, हे बघा. जिवाणू बी-१२ बनवतात ते कोबाल्टपासून, आणि कोबाल्टच नसेल तर कोठीपोट कितीही तयार असलं तरी ते बनणार नाही. खुराकात किलोमागं ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम पुरतं.

चारा म्हणून सुकवलेला लसूणघास चिमूटभर. उसाचं वाढं तीन महिन्यांपर्यंत दूरच. पोट भरतं, खुराकाची जागा अडते. तिसऱ्या आठवड्यापासून रवंथ दिसू लागतं, पण रवंथ दिसलं म्हणजे कोठीपोट कमवायला लागलं असं नाही. संकरित होल्स्टिन वासरू सलग तीन दिवस एक किलो, जर्सी, खिलार किंवा रेडकू ७०० ते ८०० ग्रॅम स्टार्टर संपवत असेल तरच दूध तोडा, आणि तेही आठवडाभरात उतरवत. वयाचा दाखला धरून तोडू नका. दाणा न मिळालेलं, नुसत्या दुधावरचं वासरू तीन महिन्यांचं झालं तरी पोटानं कच्चंच असतं.

बाटली कुठं ठेवता?

पत्र्याच्या गोठ्यात एप्रिल-मेमध्ये कोनाडा भट्टीसारखा तापतो. रायबोफ्लेविन उजेडानं मरतं: पारदर्शक काचेच्या बाटलीत दूध दोन तास उन्हात राहिलं तर त्यातलं अर्ध्याच्या आसपास किंवा जास्तही जातं. वासराच्या दुधाची बाटली गव्हाणीवर उन्हात उभी करून धारा काढायला बसू नका. टॉनिक रंगीत बाटलीतच, घरात, सावलीत. इंजेक्शनच्या कुपीवर पहिल्यांदा सुई टोचल्याची तारीख पेनानं लिहा. २८ दिवसांनंतर, किंवा त्याआधी गढूळ झाली, रंग बदलला, तळाशी खडे दिसले तर फेका. जीवनसत्त्वांची भुकटी मिनरल मिक्स्चरमध्ये आधीच कालवून महिनाभराचा साठा करू नका. लोह, तांबं आणि ओल धरणारं कोलीन मिळून ती मारून टाकतात. दोन्ही डबे वेगळे ठेवा आणि खुराकात त्या त्या दिवशी मिसळा.